चार अक्षरांचा फरक

१

जाळीघराची पश्चिमेकडची जाळी जमिनीपासून कमरेपर्यंत फाटली होती आणि आत पंधरा-वीस मेंढ्या निवांत चरत होत्या. हे पहिल्यांदा पाहिलं नागनाथनं. जाळीघराची देखरेख त्याच्याकडे होती. त्यानं आरडाओरडा केला, मेंढ्या हाकलल्या आणि पळत जाऊन केंद्रप्रमुख डॉक्टर दिनकररावांना सांगितलं. दसरा होऊन गेला होता. साल १९९१.

येलदरी धरणाच्या रस्त्यावरचं पूर्णाकाठ पुष्प संशोधन केंद्र तसं लहानच. चार खोल्या, एक विहीर, थोडी जमीन आणि हे जाळीघर. गेली काही वर्षं तिथं एकाच गोष्टीचा ध्यास होता. शहरात जिला निशिगंध म्हणतात आणि इकडे गुलछडी, तिच्यावर एक विषाणू पडत होता. पानांवर पिवळे पट्टे उमटत, दांडा खुरटा राही, फुलं वेडीवाकडी येत. औषध नव्हतंच. विषाणू एकदा कंदात शिरला की त्या कंदाच्या सगळ्या पिल्लांत जाई. शिवाय मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेई. म्हणून केंद्रानं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटल्यांत निरोगी रोपं वाढवली होती आणि मावा आत येऊ नये म्हणून ती दुहेरी जाळीच्या घरात लावली होती. त्यांचे कंद आसपासच्या गावांतल्या बायकांना लागवडीसाठी देण्याचा शब्द दिनकररावांनी दिला होता.

जाळी फाटल्यावर तीन आठवड्यांनी जाळीघरातल्या उरलेल्या प्रत्येक झाडावर पिवळे पट्टे दिसले असा बोभाटा झाला. दिनकररावांनी पोलिसांत फिर्याद दिली. मुंजाजी धनगराच्या मेंढ्यांनी जाळी फाडली, मावा आत शिरला, सगळं काम मातीत गेलं. मुंजाजी कोठडीत गेला. मेंढ्या कोंडवाड्यात गेल्या. गावानं ठरवलं की धनगरांना यापुढं गायरानात पाऊल टाकू द्यायचं नाही.

तपास फौजदार बन्सीधर काळदाते यांच्याकडे आला. काळदाते शेतकऱ्याच्या घरचे, बोलायला कमी. पंचनाम्याला आले तेव्हा नागनाथनं सुतळीनं शिवलेली ती जाळी त्यांनी उसवायला लावली.

"मेंढरानं शिंग घालून फाडली तर कडा कशा व्हतील?" त्यांनी विचारलं.

"तुटक. धागे लोंबणार," नागनाथ म्हणाला.

"आणि ही?"

नागनाथनं कडेवर बोट फिरवलं. काप सरळ होता, धारदार पात्यानं ओढल्यासारखा. 

काळदाते उकिडवे बसून पाहत राहिले. बाहेरची जाळी जाड, आतली बारीक. आतल्या जाळीचा काप कमरेपर्यंत होता, बाहेरच्या जाळीचा त्याहून आखूड, आणि वरच्या टोकाला बाहेरच्या जाळीवर नुसता ओरखडा होता. पातं जिकडून चालतं तिकडची जाळी जास्त कापली जाते.

जाळी आतून कापलेली होती. आणि जाळीघराच्या दाराचं कुलूप शाबूत होतं.

२

मुंजाजीला त्यांनी दुसऱ्याच दिवशी जामिनावर सोडवलं. तो बाहेर आला तेव्हा त्याची बायको केवळाबाई ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसली होती.

"जाळी कापलेली हाय, मुंजाजी," काळदाते म्हणाले. "तुझ्याकडं आकडी हाय, कोयता हाय."

"हाय की. मेंढराला पाला पाडायला लागतोय."

"मग?"

"सायेब, माळावर गुडघाभर गवत व्हतं त्या टायमाला. त्या गुलछडीसाठी मी जाळी कामून कापावी? मेंढरं शेजारच्या रानात बसवली व्हती. फटफटायला उठलो तर काही आत गेलेली. मोकळी वाट दिसली की मेंढरू जातंय. त्याला काय कळतंय मावा न् फावा."

"आमचं मेंढरू किल्ली घेऊन फिरत न्हाई," केवळाबाई पदर सावरत म्हणाली.

काळदात्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुलपाची गोष्ट गावात पोचली होती तर.

किल्ल्या तिघांकडे होत्या. नागनाथकडे, दिनकररावांकडे आणि ज्यांनी बाटल्यांत रोपं वाढवली त्या माणिकराव या तरुण शास्त्रज्ञाकडे. माणिकराव आषाढ संपताच प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते, ते दिवाळीला परतले. दिनकररावांशी त्यांचं पटत नाही हे केंद्रातल्या गड्यालाही ठाऊक होतं.

"मला त्या जाळीघराचं तोंडही बघायचं नाही," माणिकराव म्हणाले. "दोन वर्षं घालवली मी त्या रोपांवर. आलो तर मेंढ्यांनी खाल्लेली आणि पट्टे पडलेली. मी आत गेलोच नाही."

"तुमची रोपं लावली कधी?"

"जूनमध्ये. बोटाएवढी होती. अशा रोपांना पहिल्या वर्षी दांडा येत नाही. कंद भरायलाच हंगाम जातो."

काळदाते थांबले. "काय येत नाही म्हणालात?"

"फुलाचा दांडा."

"माणिकराव, मी पंचनाम्याला गेलो त्या दिवशी पूर्वेकडच्या वाफ्यात, जिथं मेंढ्या पोचल्या नव्हत्या तिथं, गुलछडी फुललेली होती. मी वास घेतला."

माणिकरावांनी चष्मा काढला. मग ते उठले आणि जाळीघराकडे चालू लागले. काळदाते मागोमाग गेले. माणिकरावांनी खुरप्यानं एक झाड उपटलं, कंदाची माती झटकली. कंद मुठीएवढा होता आणि त्याच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या दांड्याचा वाळका खुंट चिकटलेला होता.

"हे माझं रोप नाही," माणिकराव म्हणाले. त्यांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. "यातलं एकही माझं नाही."

३

म्हणजे रोग मेंढ्यांनी आणला नव्हता, माव्यानंही नाही. कुणीतरी निरोगी रोपं काढून जुने, रोगट कंद लावले होते, आणि ते उघडं पडू नये म्हणून जाळी कापून आळ मेंढ्यांवर घातला होता. पण कुणी? आणि कंद आणले कुठून? गुलछडी काय, जिल्ह्यात दर दुसऱ्या मळ्यात होती.

"ते सांगता येईल," डॉक्टर सुभद्रा पिंगळीकर म्हणाल्या.

सुभद्राबाई केंद्रात विषाणूवर काम करत. या विषाणूचा पूर्ण जनुकसंच वाचायचा, हे त्यांचं काम. दर दोन-तीन महिन्यांनी त्या परभणीहून रेल्वेनं हैदराबादला जात आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत राहून ते वाचन करत. काळदात्यांना त्यांनी क्ष-किरणाच्या फोटोसारखी एक फिल्म खिडकीशी धरून दाखवली. तिच्यावर काळ्या बारीक रेघांच्या चार उभ्या ओळी होत्या.

"विषाणू म्हणजे एक लांबलचक मजकूर समजा. त्यात अक्षरं चारच, पण हजारोंनी, एकामागून एक. ही रेघ पहिल्या ओळीत असली की एक अक्षर, दुसरीत असली की दुसरं. खालून वर वाचत जायचं."

"आणि सगळीकडं मजकूर एकच?"

"तिथंच तर गंमत आहे. विषाणू वाढताना नक्कल करतो आणि नकलेत चुका होतात. त्यामुळं गावोगावच्या विषाणूत फरक पडतो. मी इथल्या शेजारच्या मळ्यातला वाचलाय, जिंतूरचा वाचलाय, सोनपेठचा वाचलाय. जाळीघरातला वाचायचा होता. दसऱ्याच्या आधी मी सरांकडं पानं मागितली होती, तपासणी म्हणून. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात घ्या. त्या आठवड्यात जाळी फाटली."

"तपासणीचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. बैठकीत बोलले होते मी."

काळदात्यांनी जाळीघरातली पानं त्यांच्या समोर तोडून, बर्फाच्या डब्यात घालून दिली. सुभद्राबाई त्याच आठवड्यात गाडीत बसल्या.

बराच काळ गेला. दरम्यान काळदात्यांनी नागनाथला तीनदा बोलावलं. नागनाथ सगळं सांगे: पाणी कधी दिलं, खत कोणतं, मेंढ्या कुठं उभ्या होत्या. फक्त श्रावणाचा विषय निघाला की त्याची मान खाली जाई.

"श्रावणात पंधरा दिवस मी सोनपेठला गावाकडं व्हतो. सायबांनीच सुट्टी दिली."

"परत आल्यावर झाडं कशी दिसली?"

"मला काय ठाव न्हाई, सायेब."

"तू रोज पाणी घालतोस, आणि तुला ठाव न्हाई?"

नागनाथ उठला. "पाण्याची येळ झाली, सायेब."

सुभद्राबाई परतल्या त्या थेट ठाण्यात. फिल्मची गुंडाळी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "शेजारच्या मळ्यातला नाही. त्याच्यात आणि जाळीघरातल्यात फरकच फरक आहेत. मावा जाळीतून आला असता तर तोच असता. जिंतूरचाही नाही."

"मग?"

"सोनपेठ. जवळजवळ तंतोतंत. आणि सोनपेठची पानं मी नागनाथच्या भावाच्या मळ्यातून आणली होती."

४

नागनाथला अटक करावी असं दिनकररावांनी लेखी कळवलं. ते दुखावलेले दिसले. "मी त्याला मुलासारखा वागवला," ते म्हणाले. "मुंजाजीवर विनाकारण संशय घेतला आपण."

काळदात्यांनी कागद घेतला, पण अटक केली नाही. 'जवळजवळ' हा शब्द त्यांच्या डोक्यात अडकून बसला होता. ते पुन्हा सुभद्राबाईंकडे गेले.

"जवळजवळ म्हणजे काय? फरक हाय की न्हाई?"

"आहे. मी वाचला तेवढ्या मजकुरात चार अक्षरांचा. तेवढा किरकोळ समजतात."

"नागनाथनं श्रावणात भावाच्या मळ्यातनं कंद उपटून आणले असते, तर चार अक्षरांचा फरक पडला असता?"

सुभद्राबाई विचारात पडल्या. "मी त्याच मळ्यातली पानं त्याच्या आधी दोन महिने घेतली होती. नसता पडला. निदान चार तरी नाही. आणि जाळीघरात मी वेगवेगळ्या वाफ्यांतली पानं वाचली, सगळ्यांत तीच चार अक्षरं वेगळी आहेत."

"मग काय समजायचं?"

"मूळ एकच. पण काही वर्षांपूर्वी वेगळे झालेले. कंद सोनपेठहून निघाले, दुसरीकडं कुठं तरी रुजले, तिथं वाढले, आणि तिथून इथं आले."

"आमची मावशी लग्न होऊन हैदराबादला गेली," काळदाते म्हणाले. "बोली आपलीच, पण चार शब्द तिकडचे आले. ती बोलायला लागली की आमी वळखतो, ही गावातच ऱ्हायलेली न्हाई."

"तसंच म्हणा."

मग प्रश्न इतकाच उरला की सोनपेठची गुलछडी काही वर्षांपूर्वी कुणाकडं गेली. नागनाथला हा प्रश्न विचारला असता तर तो गप्पच राहिला असता. माणिकराव तर पुण्याला होते; किल्ली असलेले उरले दिनकरराव. म्हणून काळदाते परभणीला, त्यांच्या घरी गेले. निमित्त होतं फिर्यादीच्या जबाबावर राहिलेल्या त्यांच्या एका सहीचं. ते घरी नसतील अशा वेळी, सकाळी अकराला, त्यांनी बंगल्याचं फाटक उघडलं.

दिनकररावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा टाकला. समोर छान बाग होती. एका लांब वाफ्यात नुकतीच लावलेली शेवंती होती; बाकी बाग जुनी, वाफा मात्र नवा. काळदाते चहा घेऊन वाफ्याच्या कडेनं फिरले. नळाच्या बाजूला, दगडाच्या फटीत, गुलछडीचं एक चुकार झाड उभं होतं. पानांवर पिवळे पट्टे.

"इथं गुलछडी होती का, काकू?"

"होती म्हणजे? दरवळायचं सगळं अंगण. आमची इथं बदली झाली तेव्हा नागनाथनंच टोपलीभर कंद आणून दिले होते, त्याच्या गावचे. झाली सात-आठ वर्षं. यंदा श्रावणात ह्यांनी सगळे खणून काढले. म्हणाले, रोग पडलाय, बागेत ठेवायचे नाहीत."

"टाकून दिले?"

"पोत्यात भरून गाडीत घातले. पुढचं मला काय माहीत?"

"एक पान घेऊ का या झाडाचं?"

"रोगाचं पान कशाला हवंय तुम्हाला?" पार्वतीबाई हसल्या. "घ्या की."

५

त्या पानासाठी सुभद्राबाई पुन्हा हैदराबादला गेल्या. जाण्याआधी त्यांनी पान कुठलं हे विचारलं नाही आणि काळदात्यांनी सांगितलं नाही. संक्रांतीच्या सुमारास त्या आल्या. दोन फिल्म त्यांनी शेजारी शेजारी धरल्या.

"जाळीघरातला आणि हा एकच. ती चार अक्षरंही तीच. एकाही जागी फरक नाही. कुणाच्या घरचं पान आहे हे?"

काळदात्यांनी सांगितलं. सुभद्राबाई खुर्चीत बसल्या. त्यांना हे काम दिनकररावांनीच शिकवलं होतं.

नागनाथला बोलावून काळदात्यांनी इतकंच म्हटलं, "तुझ्यावर अटकेचा कागद हाय. दिनकररावांनी दिलाय."

नागनाथनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मला कळालं व्हतं, सायेब. सुट्टीवरनं आलो तर झाडं गुडघ्याला लागायलीत. बोटाएवढी रोपं पंधरा दिसात कशी वाढतील? मी इचारलं. सायेब मनले, नागनाथ, तू काय बघितलं न्हाईस. ह्या मानसानं मला नोकरी दिली, माझ्या बायकोला दवाखान्यात नेलं. मी काय बोलू?"

"आणि मुंजाजी कोठडीत गेला तवा?"

"झोप लागली न्हाई मला," नागनाथ म्हणाला.

दिनकरराव आपल्या खोलीत होते. खिडकीतून जाळीघर दिसत होतं. काळदात्यांनी दार लोटलं, फिल्म टेबलावर ठेवल्या आणि एकेक गोष्ट ओळीनं सांगितली: आतून कापलेली जाळी, पहिल्याच वर्षी आलेला दांडा, जुना खुंट असलेला कंद, चार अक्षरं, शेवंतीचा वाफा. दिनकररावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी त्यांनी फिल्म उचलून उजेडाकडे धरल्या आणि सवयीनं खालून वर वाचत गेले.

"सुंदर काम केलंय तिनं," ते म्हणाले.

"साहेब, कशासाठी केलंत?"

"आषाढ संपला, माणिकराव गेले आणि दोन दिवसांनी मी जाळीघराचं पाणी सोडलं. नागनाथ सुट्टीवर गावी गेला होता. मला परभणीला बैठकीला जायचं होतं. नळ बंद करायचा राहिला. तीन दिवसांनी आलो तर वाफ्यांत पाणी साचून रोपं कुजली होती. सगळी. दोन वर्षांचं काम, आणि माझ्या हातून." ते थांबले. "मी वर्षभरात निवृत्त होणार. गावागावांत बायकांना शब्द दिलेला. वाटलं, माणिकराव येईपर्यंत जागा रिकामी दिसू नये. ते आले की त्यांना खरं सांगू, पुन्हा रोपं करू. घरचे कंद लावले. त्यांच्यात विषाणू असणार हे मला कळायला हवं होतं. कळत होतं. मी पाहिलं नाही, एवढंच."

"मग सुभद्राबाईंनी पानं मागितली."

"हो."

"आणि तुम्ही जाळी कापलीत. शेजारच्या रानात मेंढ्या बसतात हे बघून."

दिनकररावांनी मान हलवली. "वाटलं, फार तर मुंजाजीला रागावतील लोक. पण पट्ट्यांचा बोभाटा झाला, वरून विचारणा आली, आणि मला फिर्याद द्यावी लागली."

"लागली न्हाई, साहेब. दिलीत."

दिनकररावांनी फिल्म खाली ठेवल्या.

६

खोटी फिर्याद दिल्याबद्दल दिनकररावांवर खटला झाला. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि निवृत्तीची वाट न पाहता नोकरी सोडली. माणिकरावांनी काचेच्या बाटल्यांतून पुन्हा रोपं करायला घेतली. नागनाथ कामावर राहिला. सुभद्राबाईंनी सोनपेठच्या विषाणूचं वाचन पुढं चालू ठेवलं.

हे सगळं व्हायच्या आधी, कबुलीच्या दुसऱ्या दिवशी, दिनकरराव काळदात्यांना म्हणाले होते, "मला गावात जाऊन सांगायचंय. तुम्ही नुसते बरोबर या."

चावडीपुढं माणसं जमली. गायरानाचा ठराव ज्यांनी केला ते सगळे होते. मुंजाजी कडेला काठी टेकून उभा होता. दिनकररावांनी चपला काढल्या आणि उभे राहून सांगितलं की जाळी मी कापली, रोगट कंद मी लावले, मेंढ्यांचा यात काही दोष नव्हता आणि मुंजाजीचा तर नाहीच.   एका म्हाताऱ्यानं पान थुंकलं. सरपंच म्हणाले, गायरानाचं आपण बघू, पूर्वीसारखं करू.

माणसं पांगायला लागली तशी केवळाबाई बायकांतून पुढं आली.

"सायेब, बोललात ते बरं केलं. पन मालकाला पोलिसांनी धरलं तवा माझ्या लेकीची सोयरीक मोडली. सुपारी फुटली व्हती. ते मनले, चोराच्या घरची पोरगी नको. इथं सांगून त्यास्नी काय कळनार?"

मुंजाजी पुटपुटला, "ऱ्हाऊ दे आता."

"कामून ऱ्हाऊ दे?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

दिनकररावांनी चपला पायात घातल्या. "गाव कुठलं?"

"पाथरीच्या पल्याड. गोदावरीच्या अंगाला. तिथं येस्टी जात न्हाई, फाट्यावरनं चालावं लागतंय."

"चालू," दिनकरराव म्हणाले. "तुम्ही पुढं व्हा, मला वाट माहीत नाही."